तिथीची पाऊणपट

मार्व्याच्या धक्क्यावर बोट सुटायची वाट बघत उभे होतो. सकाळचे पावणेनऊ. आधी सायकली चढल्या, मग दोन मोटारसायकली, मग रिकाम्या पाट्या घेतलेल्या तिघी-चौघी कोळणी, आणि शेवटी आम्ही आजोबा-नात. माझी नात दहा वर्षांची. तिचे आईवडील नोकरीसाठी इटलीत, मिलानला असतात. नाताळच्या सुट्टीत ती आमच्याकडे बोरिवलीला येते. तिनं बोटीच्या काठावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे पाणी असं मळकट का? कोमो तलावाच्या पाण्यात तर पायरीखालचे दगड मोजता येतात."

प्रश्न मला फार आवडला. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण असा प्रश्न वर्गात क्वचित आला. मी म्हटलं, "खाडीपलीकडच्या मनोरीला पोचायला पंधरा मिनिटं लागतील, याचं उत्तर मिळायला मात्र दिवस लागेल. आणि अजून एक सांगून ठेवतो. ती धक्क्याची भिंत बघ. आत्ता पाणी पार खाली आहे ना? दुपारी तीनला आपण परत येऊ तेव्हा ते त्या वरच्या कड्यापर्यंत आलेलं असेल."

भिंतीवर शेवाळाचा आणि चिकटलेल्या कालवांचा काळपट पट्टा होता, चांगला दोन पुरुष उंच. तिनं पट्ट्याकडे पाहिलं, माझ्या हातात घड्याळ नाही हेही पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"आजीची आज संकष्टी आहे म्हणून," मी म्हटलं. याहून जास्त तेव्हा सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा हिनंच मला कोमो तलाव दाखवला. मिलानहून गाडीनं तासाभरात वारेन्ना येतं. मधासारख्या पिवळ्या आणि फिकट गुलाबी भिंतींची घरं डोंगरावरून उतरत उतरत थेट पाण्यात पाय सोडून बसलेली. दार उघडलं की दोन पायऱ्या, आणि पुढे पाणी. वारेन्नाहून समोरच्या बेल्लाजोला बोटीनं जायलाही पंधराच मिनिटं लागतात, मार्वे-मनोरीइतकीच. ती गावं शेकडो वर्षांची जुनी आहेत आणि सुंदर आहेत. पण मला तिथं नवल वाटलं ते घरांच्या पायांचं. पाण्याला इतकं खेटून माणूस घर बांधतो, याचा अर्थ त्याला पाण्याची खात्री आहे. तिथलं पाणी चढतं ते डोंगरावरचं बर्फ वितळल्यावर किंवा मोठ्या पावसानं. सकाळ-संध्याकाळ मिळून ते तुमच्या लक्षातही येणार नाही इतकंच हलतं.

मनोरीला उतरलात की पाहा, पाण्याला खेटून एकही जुनं घर नाही. धक्का, मग चिखल, मग तिवरांचं रान, मग वाडी, आणि मग कुठं कौलारू घरं. गाव पाण्यापासून हात राखून बसलंय. आमच्या पाण्याचा स्वभाव तसा आहे. कुठलंही गाव बघायचं तर आधी त्याचं पाणी बघावं. घराची दारं कुणीकडे आणि माणसं जेवतात काय, हे पाण्यानंच ठरवलेलं असतं.

आम्ही खाडीच्या कडेला गेलो. ओहोटी पूर्ण झाली होती आणि काळा चिखल उन्हात चमकत होता. नातीनं नाक दाबलं. "अंडं नासल्यासारखा वास येतोय!"

"तोच आहे," मी म्हटलं. या चिखलात दोन बोटं खाली गेलं की हवा संपते. तिथं प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू पडलेली पानं कुजवत असतात, आणि त्यांच्या त्या कामातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. नासलेल्या अंड्याला येतो तो वास त्याच वायूचा. आता विचार कर, जिथं मुळांना श्वास घ्यायला हवा नाही तिथं झाड कसं उभं राहील?

तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटाएवढे काटके वर आलेले होते. शेकडो, सरळ, जणू कुणी पेन्सिली रोवून ठेवल्यात. तिला वाटलं ही रोपं उगवतायत. ती मुळं होती. बाकीची झाडं मुळं खाली पाठवतात. तिवर काही मुळं वर पाठवतं, हवेकडे. त्या मुळांवर बारीक छिद्रं असतात. ओहोटीला ती उघडी पडली की हवा आत जाते आणि चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. भरती आली की झाड दम धरून बसतं. एका मोठ्या तिवराला अशी हजारो श्वसनमुळं असू शकतात.

मग मी एक पान तोडून तिला म्हटलं, "चाट." तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिभेचं टोक लावलं. "मीठ!" पान उन्हात तिरपं धरलं तर त्यावर मिठाचे कण दिसत होते, साखरेहून बारीक. झाड खारं पाणी पितं, गोडं ठेवून घेतं आणि मीठ पानावाटे घाम आल्यासारखं बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा वेगळी. तो बरंचसं मीठ मुळाशीच गाळतो, आणि त्याचं बी आईच्या अंगावरच रुजतं. हातभर लांब हिरवी शेंग झाडाला लोंबते, तिच्यात कोंब तयार असतो. ती गळून चिखलात उभी रुतली की झालं रोप. सुटून वाहत गेली तरी बिघडत नाही, दुसऱ्या काठाला लागून तिथं उभी राहते. अशाच खाडीकाठच्या पांढऱ्या चिप्पीला तर महाराष्ट्रानं २०२० साली राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं २००५ सालीच बंदी घातलेली आहे. हे तिला सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल, कारण बोरिवलीपासून मालाडपर्यंत कांदळवनं कुठं कुठं होती आणि आता तिथं काय उभं आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एवढ्यात चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. निवटी! बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे, आणि पुढच्या दोन परांवर कुबड्या घेतल्यासारखा चालत होता. नात श्वास रोखून उकिडवी बसली. निवटी पाण्याबाहेर असताना ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते. म्हणून तिला अंग कोरडं पडू देऊन चालत नाही. आमच्या समोरची निवटी एका थारोळ्याशी थांबली, एका कुशीवर लोळली, मग दुसऱ्या. नंतर तिनं डोळे खोबणीत आत ओढले आणि ओले करून पुन्हा बाहेर काढले. "आजोबा, तिनं डोळा मारला!" नात ओरडली आणि निवटी बिळात गडप.

शेजारी बारके खेकडे होते. त्यांच्या नरांची एक नांगी अंगाएवढी मोठी, दुसरी इवलीशी. इवल्या नांगीनं चिखल तोंडात घालायचा, त्यातलं अन्न काढून घ्यायचं आणि उरलेल्या मातीची गोळी करून टाकायची. मोठी नांगी मादीला हात करायला. या जातीचे खेकडे शास्त्रज्ञांनी समुद्रापासून दूर बंद खोलीत, जिथं दिवस-रात्र आणि पाणी काहीच बदलत नाही, अशा जागी ठेवून पाहिलेत. तिथंही ते कित्येक दिवस आपल्या किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या वेळेला जागे होऊन हिंडायला लागतात. घड्याळ त्यांच्या अंगात असतं.

"आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो," मी म्हटलं. कोमो तलाव चारशे मीटरहून खोल आहे. नद्यांनी आणलेला गाळ तिथं खाली जाऊन बसतो आणि त्याला परत ढवळून वर आणणारं कुणी नसतं. इथं खाडी उथळ, आणि समुद्र दिवसातून दोनदा आत येऊन दोनदा बाहेर जातो. प्रत्येक खेपेला तो हा चिखल, कुजलेल्या पानांचा भुगा, सूक्ष्म जीव, सगळं उचलतो. त्या भुग्यावर जवळा आणि करंदी जगतात, जवळ्या-करंदीवर बोंबील जगतो, आणि बोंबलावर ही गावं. तू ज्याला मळ म्हणतेस ते वाढलेलं ताट आहे.

तिथून गावात शिरलो. गल्लीच्या वळणावर पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ. नात म्हणाली, "आमच्याकडेही असे आहेत! पण झेंडू नसतात." तिला थोडक्यात सांगितलं. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी या सगळ्या पट्ट्याला पूर्वी धारावी बेट म्हणत. आज आपण ज्याला धारावी म्हणतो ती वेगळी. १५३४ साली वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं धारावी आणि मग वसई घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथली पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली, पण बोली मराठीच राहिली. १८८७ साली त्यांनी स्वतःसाठी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. लग्नाच्या आधी ही मंडळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. त्या विधीला उंबराचं पाणी म्हणतात.

"विहीर? समुद्र तर तिथं आहे!" नातीनं बोट केलं. वाडीपलीकडे सुरूंच्या आडून समुद्र दिसत होता.

खरोखरच नवल आहे हे. समुद्राला खेटून असलेल्या वाळूच्या पट्टीत विहीर खणली तर खारं पाणी लागायला हवं. ओळखीच्या एका घरी गेलो, त्यांच्या मागीलदारी जुनी विहीर आहे. कठड्याच्या दगडाला दोर घासून घासून करंगळी बसेल एवढ्या खाचा पडल्यात. घरच्या मावशींनी बादली ओढून ओंजळभर पाणी नातीच्या हातावर घातलं. तिनं चाखलं. तासाभरापूर्वी तिवराचं पान चाटलेली तीच जीभ. "गोडं आहे!"

घरी वाटीत पाणी घे आणि वर अलगद तेल सोड. तेल हलकं, तरंगतं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाली जातं तेव्हा तिथं आधीच समुद्राचं पाणी असतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक हजार ग्रॅम, तर एक लिटर समुद्राच्या पाण्याचं साधारण एक हजार पंचवीस. फरक पंचविसाचा, म्हणजे चाळिसात एक. तेवढ्या फरकानं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, मसुराच्या दाण्याच्या आकाराचं, मधे जाड आणि कडेला पातळ. आणि चाळिसात एक याचा हिशेब असा, की गोडं पाणी समुद्राच्या पातळीच्या वर एक हात असेल तर खाली चाळीस हात असतं. हॉलंडचे बाडोन गायबेन आणि जर्मनीचे हेर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत हा हिशेब मांडला. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पंप लावून गोडं पाणी एक हात खाली नेलंत तर तळचं खारं पाणी चाळीस हात वर येऊ पाहतं. दोरानं पाणी काढणाऱ्या पिढ्यांनी ही विहीर नातवंडांपर्यंत गोडी ठेवली. मुंबई महापालिकेनं समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा प्रकल्प मनोरीतच आखलाय, दिवसाला वीस कोटी लिटरांचा. ते यंत्र होईल तेव्हा होवो. वाळू हे काम फुकट करत आलेली आहे.

समुद्रकाठी वलांड्या होत्या. बांबूंच्या उंच घोड्या, त्यांवर आडवे बांबू, आणि त्यांवर बोंबील. सकाळी बोटीत भेटलेल्यांपैकी एक मावशी तिथंच काम करत होती. नातीला बोंबील वाळत घालायचं कसब बघायचं होतं. मावशीनं दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी बांबूवर टाकली. दोरा नाही की सुई नाही. बोंबलाचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले, तेच एकमेकांत गुंततात. ओल्या बोंबलात नऊ दशांश पाणीच असतं, म्हणून तो हातात लिबलिबीत लागतो. थंडीतला कोरडा वारा आणि ऊन ते पाणी काढून घेतात, आणि खाली राहतो तो काठीसारखा सुका बोंबील.

कोमोच्या काठी मी याचा भाऊ खाल्लाय. तिथं अगोने नावाचा मासा मीठ लावून, दोरीला ओवून उन्हात वाळवतात, मग डब्यात तमालपत्रासारखी पानं घालत थरावर थर रचून दाबतात. त्याला मिस्सोलतीनो म्हणतात. हा अगोने मूळचा समुद्रातला, आपल्या पाल्याच्या नात्यागोत्यातला. पाला जसा समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो तसेच त्याचे पूर्वज चढून आले आणि तलावातच राहिले. समुद्र सुटला त्यांचा. पण वास ओळखीचा होता बरं का. डबा उघडला आणि मला थेट उत्तनच्या वलांड्या आठवल्या.

मावशीनं नातीला विचारलं, "परत कधी जाणार, बाय?" ती म्हणाली, "तीनला. आजोबा म्हणतात तीनला पाणी भरणार. पण ते कसं कळलं ते सांगत नाहीत." मावशी हसली. "अगो, आज चवथ ना? तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं."

चौथ. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतका वेळ तिच्यापासून खाऊ लपवून ठेवला होता!

आमच्या सगळ्या कोकणपट्टीचं हे गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र रोज साधारण पाऊण तासानं उशिरा येतो. चोवीस तासांचे तीस तिथींत भाग पाडले तर अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, आणि आपण पंचेचाळीस धरतो. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला हिशेबानं सव्वाअकरा येतात आणि पाणी भरतं बाराच्या सुमारास. होडी लोटायला एवढा नेम पुरतो. आजची चौथ कृष्णपक्षातली. चंद्र रात्री नवाच्या सुमारास उगवणार, आजी त्याला बघून उपास सोडणार. तोच चंद्र पहाटे तीनला डोक्यावर येतो आणि दुपारी तीनला बरोबर आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर असो वा पायाखाली, त्या सुमाराला भरती येते. सगळ्या किनाऱ्यांवर असं नसतं. किनाऱ्याच्या आकारानं वेळ पुढेमागे होते.

"डोक्यावर असताना ओढतो हे कळलं," नात म्हणाली. "पायाखाली असताना कशी काय भरती?"

शाळेत हे शिकवताना मी तीन मुलं एका रांगेत पळवायचो. पुढच्याला सगळ्यात जोरात ओढ, मधल्याला जरा कमी, मागच्याला सगळ्यात कमी. काय होतं? पुढचा मधल्यापासून पुढे निघून जातो आणि मागचा मधल्यापासून मागे पडतो. मधला म्हणजे पृथ्वी, पुढचा म्हणजे चंद्राकडचं पाणी, मागचा म्हणजे पलीकडचं पाणी. दोन्हीकडे अंतर वाढलं, दोन्हीकडे फुगवटा आला. म्हणून दिवसात दोन भरत्या. सूर्यही असाच ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमाराला काटकोनात आले की भांग. कोमो तलाव पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर लांब. चंद्राच्या दृष्टीनं त्याची दोन्ही टोकं जवळजवळ एकाच जागी, म्हणून तिथं फुगवटा उठत नाही. भरतीला महासागराची लांबी लागते.

कोळ्यांची डोल या ओढीवरच चालते. खुंटांना बांधलेलं भलंमोठं पिशवीसारखं जाळं, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. त्याच्या मागे कुणी धावत नाही. प्रवाह येतो, जाळं फुगतं, मासळी आपसूक आत जाते. उधाणाला पाण्याला जोर म्हणून मासळी जास्त. भांगाला डोल सैल पडते. आमच्या या ओढीची दहशत जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली, त्यात इथून जवळच्या सोपाऱ्याचं नाव आहे, कल्याणचं आहे, आणि भडोचच्या भरती-ओहोटीचं तर मोठं वर्णन आहे, फौज चालून यावी तशा आवाजानं पाणी येतं म्हणून. भूमध्य समुद्रात भरती फारच थोडी, तेव्हा त्या माणसांना इथलं पाणी बघून धडकीच भरली असणार.

सुरूच्या सावलीत डबा उघडला. जेवल्यावर गोष्ट हवीच असते, आणि माझ्याकडे जपून ठेवलेली एक होती.

कोमोच्या काठी तोर्नो नावाचं गाव आहे. तिथं एका जुन्या हवेलीच्या पोटातून एक झरा वाहतो. एकोणीसशे वर्षांपूर्वी कोमोच्याच धाकट्या प्लिनीनं आपल्या मित्राला या झऱ्याबद्दल पत्र लिहिलं. त्याचा मामा थोरला प्लिनी, तोही निसर्गाचा मोठा अभ्यासक. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला तेव्हा तो त्यात गेला. भाच्यानं पत्रात लिहिलं की हा झरा दिवसातून तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. काठावर कोरड्या जागी अंगठी ठेवा. पाणी हळूहळू तिला भिजवतं, बुडवतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडी करतं. समुद्राच्या भरतीसारखं काही असेल का, अरुंद तोंडाच्या बाटलीतून पाणी गटगट पडतं तसं असेल का, असे तर्क त्यानं केले आणि मित्राला म्हटलं, तूच शोध.

"मग काय होतं ते?"

"आपल्या घरी कपाटात आहे त्याचं उत्तर," मी म्हटलं. वासुदेव प्याला! बाळकृष्णाला घेतलेला वसुदेव मधे बसवलेला असतो. प्याल्यात पाणी ओतत राहा, काही होत नाही. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की सगळाच्या सगळा प्याला रिकामा होतो. आत एक वाकडी नळी असते. पाणी तिच्या वळणापर्यंत चढलं की पलीकडे ओघळायला लागतं आणि मागचं सगळं ओढून नेतं. चुनखडीच्या डोंगरात पाण्यानं पोखरलेल्या पोकळ्या असतात. एखादी पोकळी हळूहळू भरते, वाकड्या वाटेनं एकदम रिती होते, पुन्हा भरायला लागते. तोर्नोचा झरा असा चालत असावा असं मानतात. आपल्या राजापूरच्या गंगेचंही स्पष्टीकरण बरेच जण असंच देतात. उन्हाळे गावात चौदा कुंडं आहेत, बरेचदा तिथं साधारण तीन वर्षांनी एकदम पाणी येतं, काही आठवडे राहतं आणि जातं. तिच्यात भक्तिभावानं स्नान करणाऱ्या माणसाइतकाच आदर मला त्या जमिनीखालच्या वाकड्या वाटेबद्दल वाटतो.

आणि मग ती मोठी गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी तिला मनोरीला आणलं होतं.

वीस हजार वर्षांपूर्वी तुझ्या कोमोच्या जागी तलाव नव्हता, बर्फ होतं. आल्प्सवरून सरकत आलेली हिमनदी, दरी तोंडोतोंड भरून. ती दरी त्याच्याही फार आधीची. साधारण ५९ ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राची अटलांटिकशी वाट बंद होऊन तो बराचसा आटला होता. समुद्रच खाली गेल्यावर नद्यांनी खोल खोल दऱ्या कापल्या, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणून आज कोमोचं पाणी समुद्रापेक्षा १९८ मीटर उंचावर, पण त्याचा तळ समुद्राच्या पातळीखाली दोनशे मीटर. बर्फानं ती दरी आणखी रुंदावली.

"पण त्याचा मनोरीशी काय संबंध?"

असं बर्फ तेव्हा उत्तर युरोपावर आणि उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागावर बसलेलं होतं. ते पाणी आलं कुठून? समुद्रातून. जगभरचा समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपण बसलोय तिथून पश्चिमेला जा. बॉम्बे हाय, जिथं तेल काढतात, किनाऱ्यापासून १६० किलोमीटर. तिथंही पाणी ७५ मीटरच खोल आहे. म्हणजे तेव्हा तिथंही जमीन होती. मनोरीला लाट नव्हती, भरती नव्हती. ही खाडी म्हणजे एका ओढ्याची दरी होती.

मग पृथ्वी तापू लागली आणि बर्फ वितळलं. दरीतून हिमनदी मागे हटली आणि तिच्या जागी पाणी साठलं, तो कोमो. जगभरचं वितळलेलं पाणी समुद्रात उतरलं, समुद्र हजारो वर्षं चढत चढत पूर्वेला आला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी या ओढ्याच्या दरीत शिरला. ती मनोरीची खाडी. मुंबई बंदरात १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना ओहोटीच्या पाण्याच्याही खाली झाडांची उभी खोडं सापडली होती, त्यांत खैराची पुष्कळ. कधीकाळी तिथं कोरडं रान होतं.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एकाच बर्फाची दोन गावं."

मी यात एक शब्द बदलणार नाही.

अडीचला धक्क्याकडे निघालो. समुद्रावरून खारा वारा सुटला होता. रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, दुपारी जमीन तापली की वारा उलटतो. कोमोवरही सकाळी उत्तरेचा तिवानो आणि दुपारी दक्षिणेचा ब्रेवा. तिथं तापतात ते डोंगराचे उतार. शिडाच्या काळात दोन्हीकडचे मासेमार पहाटेच्या वाऱ्यानं बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यानं घर गाठत.

सकाळी जिथं निवटीनं डोळा मारला होता तिथं आता पाणी होतं. तिवरांची श्वसनमुळं बुडाली होती, झाडं दम धरून उभी होती. मार्व्याला बोट लागली. शेवाळाचा आणि कालवांचा पट्टा पार पाण्याखाली गेला होता आणि पाणी वरच्या कड्याला टेकलं होतं. नातीनं हात खाली घातला, पाणी ओंजळीत घेतलं, जवळ धरून बघितलं आणि परत सोडून दिलं.

मुलांनो, मनोरीला एकदा जरूर जा. मालाड स्टेशनाहून बस मिळते, मार्व्याहून बोट. निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, तिनानं गुणा, चारानं भागा, आणि त्या वेळेच्या सहा तास आधी पोचा. म्हणजे चिखलही बघायला मिळेल आणि पाणीही.